दूरध्वनी-केंद्राची वही आणि तिची सचोटी

रात्रीचे दोन वाजले आहेत. पैनगंगेकाठच्या एका खेड्यात शेतावर जागलीस गेलेल्या गृहस्थास सर्पदंश झाला आहे. त्याचा मुलगा मोबाइल हाती घेऊन १०८ हे तीन अंक दाबतो. त्याची हाक ज्याच्या कानी पडते तो मनुष्य हदगावात नाही, नांदेडासही नाही. तो दूर पुण्यास बसला आहे. त्याने हे खेडे कधी पाहिलेले नाही व येथील वाटा त्यास ठाऊक नाहीत. त्याच्यापुढे संगणकाचा पडदा आहे, आणि त्या पडद्यावर जणू एक मोठी वही उघडलेली आहे. गाव कोणत्या तालुक्यात, रुग्णवाहिका कोठे उभी, ती रिकामी की कामावर, हे सर्व त्यास ती वहीच सांगते. वही खरी असेल तर मदत वेळेवर निघते. वही खोटी असेल तर तो मनुष्य कितीही कनवाळू व चतुर असला तरी त्याचे चातुर्य व्यर्थ होय.

ह्या वहीची सचोटी कशी राखतात, हा आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यात असे काही नाही की जे आमच्या विद्यार्थ्यांस शाळेतील हजेरीपटावरून व पालकांस दुकानातील खतावणीवरून समजणार नाही.

ज्या ठिकाणी अनेक माणसे बसून लोकांचे दूरध्वनी घेतात व त्यांचे काम मार्गी लावतात, त्यास कॉल सेंटर म्हणतात. आपल्या प्रांती अशी केंद्रे परिचयाची झाली आहेत. १०८ ची रुग्णवाहिका-सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. आरंभी तीत ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत अत्यवस्थ रोग्यासाठी लागणारी विशेष साधने होती, व ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. त्याच्याही पूर्वी, २१ जानेवारी २००४ रोजी, केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटर उघडले. १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावर कापसावरील बोंडअळी किंवा सोयाबीनचे पिवळे पडणे ह्यांविषयी विचारले असता शेतकीचे पदवीधर आपल्या भाषेत उत्तर देतात. आणि जिल्हा, तालुका, पीक, प्रश्न व उत्तर ह्यांची नोंद होते. अशा नोंदींच्या शिस्तबद्ध संग्रहास संगणकाच्या परिभाषेत डेटाबेस असे नाव आहे.

ह्या शास्त्राचा पाया एडगर कॉड नामक गणितज्ञाने घातला. हा गृहस्थ जन्माने इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात तो विमानचालक होता. पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सेवेत असता इ. स. १९७० मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, प्रत्येक ओळीस स्वतःची ओळख असावी, आणि एका कोष्टकाने दुसऱ्याचा उल्लेख त्या ओळखीनेच करावा. ह्या कार्याबद्दल १९८१ साली त्यास ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज जगातील बहुतेक बँका, रेल्वे व दूरध्वनी-केंद्रे ह्यांचे व्यवहार त्याच विचारावर चालतात. पुढील उदाहरणे आम्ही समजुतीसाठी कल्पिली आहेत. कोणा एका केंद्रास दोष देण्याचा हेतू नाही.

पहिला नियम : ओळख एकच असावी

नाव ही ओळख नव्हे. आपल्याच नांदेड जिल्ह्यात पिंपळगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत; बुद्रुक व खुर्द अशा जोडगावांची तर आपल्या मुलुखात गणतीच नाही. हदगाव हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की त्यात ‘द’ आहे की ‘ड’ हे कळत नाही, कारण इंग्रजीत दोहोंस एकच अक्षर आहे. मग कोणी हदगाव लिहितो, कोणी हडगाव. माणूस हसून समजून घेतो, पण यंत्राच्या लेखी ती दोन निराळी गावे होतात.

शिवाय नावे पालटतात. परभणी जिल्ह्यातून १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघाला, आणि २०२३ साली त्याच उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. त्याच वर्षी औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. बिहारात औरंगाबाद नावाचा जिल्हा मात्र आहेच. वहीत नावच ओळख मानले असते, तर एकाच जिल्ह्याच्या नोंदी दोन नावांखाली विखुरल्या असत्या, आणि बिहारच्या नोंदी आपल्यात येऊन मिसळल्या असत्या.

ह्यावर उपाय म्हणजे संकेतांक. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक दिला होता. गावांची यादी एका कोष्टकात ठेवावी. तेथे संकेतांकापुढे नाव, तालुका व जिल्हा एकदाच लिहावा. इतर सर्व कोष्टकांत केवळ संकेतांक यावा. नाव पालटले तर एकाच जागी दुरुस्ती केली की सर्वत्र ती दिसते. तुमच्या जनरल रजिस्टरातील प्रवेश-क्रमांक हाच आहे. वर्गात दोन सुनीता असल्या तरी त्या क्रमांकाची सुनीता एकच असते.

दुसरा नियम : निराधार नोंद असू नये

समजा, हजेरीपटावर एक क्रमांक आहे, पण जनरल रजिस्टरात त्या क्रमांकाचा विद्यार्थीच नाही. ही नोंद निराधार होय. केंद्राच्या वहीतही असे घडू शकते. हाकेच्या नोंदीत गावाचा जो संकेतांक आहे तो गावांच्या यादीतच नसेल, तर गाडी पाठवावी कोठे? म्हणून वहीस दोन आज्ञा दिलेल्या असतात. यादीत नसलेला संकेतांक हाकेच्या नोंदीत घेऊ नये, ही पहिली. आणि ज्याकडे एकही हाक बोट दाखविते असे गाव किंवा अशी गाडी यादीतून पुसू नये, ही दुसरी. जुनी गाडी मोडीत काढली तरी तिची ओळ राहते. तिच्यापुढे केवळ ‘सेवेत नाही’ असे लिहितात. तसे न केले तर तिने पोहोचविलेल्या सर्व रोग्यांच्या नोंदी पोरक्या होतील.

तिसरा नियम : हाक निराळी, घटना निराळी

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ट्रक व एक जीप ह्यांची धडक झाली, असे समजा. पाहणारे दहा जण दहा मोबाइलवरून केंद्रास कळवितात. प्रत्येक हाक म्हणजे एक अपघात असे धरले तर दहा रुग्णवाहिका धावतील, आणि त्याच वेळी प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या एखाद्या माउलीसाठी गाडी उरणार नाही. उलट, “हे सारे एकच आहे” असे म्हणून शेवटच्या नऊ हाका पुसून टाकल्या, आणि त्यांतील एक हाक चार कोसांवरील दुसऱ्या अपघाताची असली, तर तेथील जखमी तसेच पडून राहतील.

म्हणून वहीत दोन कोष्टके हवीत. एक हाकांचे, दुसरे घटनांचे. दहाही हाका जशाच्या तशा राहाव्यात. त्यांपैकी ज्या एकाच घटनेच्या आहेत त्यांस त्या घटनेचा क्रमांक जोडावा. जोडणी चुकली असे पुढे आढळले तर ती सोडविता येते. पुसलेली हाक मात्र परत येत नाही. एका घटनेच्या अनेक हाका असू शकतात, ही साधी गोष्ट वहीच्या रचनेतच बसविल्यामुळे प्राण वाचतात.

चौथा नियम : अयोग्य ते दारातच थांबवावे

काही चुका नोंद होण्यापूर्वीच पकडता येतात. वय १७५ असू शकत नाही. ३१ जून ही तारीख पंचांगात नाही. आपल्याकडील मोबाइलचे आकडे नऊ नसतात. वही अशी नोंद नाकारते.

अंकांची अदलाबदल पकडण्याची युक्ती अधिक मौजेची आहे. समजा, एका हाकेस २७३६ हा अनुक्रमांक मिळाला. त्याच्या अंकांस डावीकडून अनुक्रमे ५, ४, ३ व २ ह्यांनी गुणा: १०, २८, ९ व १२. बेरीज ५९. तीस ११ ने भागिले असता बाकी ४ उरते. हा ४ शेवटी जोडून २७३६४ असा क्रमांक हाक देणाऱ्यास सांगावा. (बाकी १० उरली तर तो अनुक्रमांक सोडून द्यावा.) आता दुसऱ्या दिवशी त्याने चुकून २७६३४ सांगितला तर? १०, २८, १८ व ६ ह्यांची बेरीज ६२, बाकी ७. शेवटचा अंक ४ असल्यामुळे चूक तत्क्षणी उघडकीस येते. ह्या शेवटच्या अंकास पडताळा-अंक म्हणावे. आधार क्रमांकाचा बारावा अंक व पुस्तकाच्या मलपृष्ठावरील तेरा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक हे पडताळा-अंकच आहेत, जरी त्यांची रीत थोडी निराळी आहे.

ह्याच ठिकाणी शून्य आणि रिकामे घर ह्यांतील भेद ध्यानात ठेवावा. रोग्याचे वय ठाऊक नसेल तर ० लिहू नये. कारण शून्य वर्षांचे म्हणजे तान्हे मूल, आणि त्यासाठी निराळी साधने घेऊन गाडी निघेल. “माहीत नाही” हे “माहीत नाही” असेच लिहिले पाहिजे.

पाचवा नियम : सर्व, नाही तर काहीच नाही

गाडी पाठविणे हे एक काम दिसते, पण वहीत त्याच्या दोन नोंदी होतात. घटनेपुढे गाडीचा क्रमांक लिहावयाचा, आणि गाडीपुढे ‘कामावर’ असे लिहावयाचे. पहिली नोंद झाली आणि तेवढ्यात वीज गेली तर? वीज जाणे काय असते हे हदगावकरांस सांगावयास नको. गाडी तर निघून गेली आहे, पण वहीत ती अजून ‘रिकामी’ आहे. पुढचा रोगी त्याच गाडीची वाट पाहत बसेल.

म्हणून अशा जोडनोंदींची एक मोट बांधतात. मोट सबंध आत आली तर आली. अर्धी राहिली तर सर्वच रद्द धरून वही पूर्वस्थितीस न्यावयाची. हे साधण्यासाठी यंत्र जे करणार ते आधी एका निराळ्या रोजनिशीत लिहून ठेवते व मग मुख्य वहीस हात लावते. वीज परत आली की रोजनिशी वाचून पुरे झालेले काम कायम करते व अर्धवट राहिलेले पुसते. व्यापारी आधी कच्च्या वहीत टिपून मग पक्क्या वहीत उतरवितो, त्यातलाच हा प्रकार होय.

सहावा नियम : एका ओळीवर एकाच वेळी एकच हात

शाळेच्या सहलीच्या निधीत ५०० रुपये आहेत. एका शिक्षकांनी वही पाहिली, ५०० वाचले, ५० मिळवून ५५० लिहिले. दुसऱ्या शिक्षकांनीही त्याच वेळी ५०० वाचले होते; त्यांनी ३० मिळवून ५३० लिहिले. दोघांचे गणित बरोबर, हेतू निर्मळ. तरी ५८० च्या जागी ५३० राहिले आणि ५० रुपये कोणी न चोरता नाहीसे झाले.

केंद्रात शेकडो हात एकाच वहीत लिहीत असतात. हदगावची गाडी ‘रिकामी’ आहे असे दोघांस एकाच क्षणी दिसले, तर दोघेही ती दोन निरनिराळ्या रोग्यांस देऊन बसतील. म्हणून जो प्रथम त्या ओळीस हात घालतो त्याच्यासाठी वही त्या ओळीस कुलूप लावते. दुसऱ्यास क्षणभर थांबावे लागते, आणि कुलूप निघताच त्यास जुनी नव्हे तर नवी स्थिती दिसते. त्याने मग दुसरी गाडी शोधावी. क्षणभराचे थांबणे पुढचा घोटाळा वाचविते.

सातवा नियम : खोडावे पण पुसू नये, प्रत दूर ठेवावी

तलाठ्याच्या दप्तरी जमिनीच्या हक्कात बदल झाला तर सातबाऱ्यावर मुकाट्याने नवे नाव चढत नाही. गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. कोणता बदल, कशावरून, केव्हा, हे त्यात राहते. सचोटीच्या संगणकीय वहीतही तसाच फेरफार ठेवतात. कोणी, किती वाजता, काय होते त्याचे काय केले, हे राहिले पाहिजे. कारण चूक होणे क्षम्य आहे, चूक लपविता येणे धोक्याचे आहे.

आणि एक प्रत अन्य गावी असावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. घरे कोसळली, हजारो माणसे गेली. ज्या पेटीत कागद होते तीही त्याच ढिगाऱ्याखाली गेली. मूळ व नक्कल एकाच छपराखाली ठेवणे म्हणजे नक्कल न ठेवण्यासारखेच आहे. शिवाय त्या प्रतीवरून वही पुन्हा उभी राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहावे लागते. विहिरीला पाणी आहे की नाही हे आग लागल्यावर पाहून चालत नाही.

यंत्रास न कळणारी गोष्ट

एवढे सर्व नियम पाळले म्हणजे वही खरी झाली काय? आमचे उत्तर आहे, नाही. वही शुद्ध झाली. खरी होणे अद्याप उरले.

आमच्या पालक मंडळींपैकी व त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे. ते सर्व त्याच दिवशी जन्मले असे थोडेच आहे! पूर्वी मुलाचे नाव शाळेत घालतेवेळी जन्माचा दाखला नसे. आई म्हणे, “मोठ्या पुराच्या साली झाला.” गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवीत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहीत. त्यांचा हेतू चांगलाच होता. तारखेवाचून मूल शाळेबाहेर राहिले असते. परंतु आज कोणतेही यंत्र त्या नोंदीत दोष काढू शकणार नाही. १ जून ही तारीख पंचांगात आहे, वर्ष योग्य आहे, घर रिकामे नाही. नोंद सर्वथा नियमास धरून आहे, आणि तरीही ती खरी नाही.

दूरध्वनी-केंद्रातही हेच होते. “मोबाइल क्रमांक लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही” असा कडक नियम केला, आणि हाक देणाऱ्यापाशी क्रमांक नसला, तर घाईतील मनुष्य दहा वेळा ९ दाबून मोकळा होतो. नियम पाळला गेला व असत्य वहीत शिरले. म्हणून शहाणा रचनाकार प्रत्येक घरापाशी “माहीत नाही” असे म्हणावयास प्रामाणिक वाट ठेवतो. ज्या वहीत अज्ञान कबूल करण्यास जागा नाही, ती वही माणसास खोटे बोलावयास लावते.

वहीच्या सचोटीची अखेरची कडी अशा रीतीने यंत्रात नसून लिहिणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या मनात आहे. तो सांगणारा उद्या तुमच्यापैकीच कोणी असेल. तेव्हा हे ध्यानात असू द्या. १०८ ला हाक द्याल तेव्हा गावाच्या नावाबरोबर तालुका व जिल्हा सांगा. देऊळ, मशीद, चर्च, शाळा, फाटा अशी जवळची ठळक खूण सांगा. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणा. विचारणाऱ्याचे प्रश्न संपेपर्यंत दूरध्वनी ठेवू नका. आणि थट्टेने खोटी हाक कधीही देऊ नका. ती खोटी हाक वहीच्या सर्व पहाऱ्यांतून निर्वेध आत जाते, आणि एक खरी गाडी खऱ्या रोग्यापासून दूर नेते.

शुभवर्तमानात कारभाऱ्यांचे दाखले आहेत. धनी दूर असता त्याच्या मालाचा हिशेब कोणी कसा ठेवला, ह्यावरून त्यांची पारख झाली. वहीपाशी बसलेला प्रत्येक जण असाच कारभारी आहे. ज्याच्यासाठी तो लिहितो तो रोगी त्यास दिसत नाही, आणि रोग्यास तो दिसत नाही. दोघांमध्ये असते ती केवळ एक ओळ. ती खरी असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ६१४३८ ह्या क्रमांकाचा शेवटचा पडताळा-अंक बरोबर आहे काय? मधल्या १ व ४ ह्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहा.
२. आपल्या वर्गाच्या ग्रंथालयासाठी पुस्तके, विद्यार्थी व देवघेव अशी तीन कोष्टके आखा. देवघेवीच्या कोष्टकात पुस्तकाचे नाव न लिहिता क्रमांकच का लिहावा, ते सांगा.
३. घरातील वडील मंडळींच्या जन्मतारखा विचारा. त्यांपैकी कितींची १ जून आहे? खरी तारीख कोणास आठवते काय?